तांबोळी आपा आणि मधली धार

तांबोळी आपा पहिल्यांदा माझ्या दुकानाची पायरी चढल्या त्या औषध घ्यायला नव्हे, भांडायला. दुपारची वेळ, काउंटरवर चारपाच गिऱ्हाइकं. आपांनी हातातली छत्री माझ्या वजनकाट्यावर आडवी ठेवली आणि विचारलं, "मेडिकलवाले भाऊ, तुमच्यात गोळ्या सुट्ट्या मिळत्यात म्हणं?"

मी धंद्यातला माणूस. हसून म्हणालो, "मिळतात की. किती देऊ?"

"एक बी नको. मला एवढंच इचारायचं हाय, तुमी अँटिबायोटिक इकताय का फुटाणं?"

गिऱ्हाइकं फिदीफिदी हसली. त्यातल्या एकाच्या हातात मी नुकत्याच कापून दिलेल्या तीन कॅप्सूल होत्या, त्यानं त्या हळूच खिशात सारल्या. आपांनी ते पाहिलं. "काढा भाईर," म्हणाल्या. त्यानं काढल्या. कुंडलमध्ये त्यांचं न ऐकणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, आणि मी तरी कुठं ऐकलं नाही म्हणतो? ऐकलं. फक्त घरच्या माणसाच्या बाबतीत नाही ऐकलं, आणि तेच सगळं निस्तरावं लागलं.

स्टँडकडनं बस्तीच्या गल्लीत वळलं, म्हणजे आमच्या जैन मंदिराच्या गल्लीत, की डाव्या हाताला माझं मेडिकल आणि बरोबर समोर रस्त्यापलीकडं आपांची लॅब. नाव रजिया तांबोळी. सांगलीच्या एका मोठ्या दवाखान्यात तपासणीच्या खात्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. नवरा वारल्यावर गावी परत आल्या, येताना जुना इनक्युबेटर टेम्पोत घालून आणला आणि सासऱ्याच्या पानांच्या दुकानात लॅब थाटली. उंची बेताची, आवाज बेताचा नाही. नाकावर चष्मा, कपाळावर दुसरा चष्मा. कपाळावरचा कशासाठी, ते मला कधीच कळलं नाही. कारण बारीक काही बघायचं असलं की त्या दोन्ही काढून ठेवत.

हे लिहायला बसलो त्याचं कारण आमची जिजी, म्हणजे माझी आई. जिजीची दोन्ही मूत्रपिंडं जायची वेळ आली होती, आणि ती घालवणारा मी होतो. दारू पाजून नव्हे, मारून नव्हे. माझ्याच दुकानातल्या, माझ्याच हातानं दिलेल्या तीन-तीन गोळ्यांनी. पण ते पुढं येईलच. आधी आपा.

आमच्याकडं लघवीला जळजळ झाली की उन्हाळी लागली म्हणतात. बायका तेवढंही म्हणत नाहीत. काउंटरपाशी येतात, पदर तोंडाला लावतात, इकडंतिकडं बघतात आणि "ते आपलं हे द्या" म्हणतात. "ते आपलं हे" म्हणजे कुठली गोळी, हे मला इतक्या वर्षांत तोंडपाठ झालेलं. समोर आपांच्या लॅबमध्ये मात्र उलटा कारभार. बाई दारात आली की आतनं आवाज, "लघवीला जळतंय का? किती दिस झालं? वास मारतोय का? ताप? कुशीत दुखतंय?" स्टँडवर पलूसच्या एसटीची वाट बघणाऱ्यांनाही बाईची प्रकृती कळायची. एकदा न राहवून मी म्हणालो, "आपा, जरा हळू. बायामाणसं लाजतात."

"ताप आला तर गावभर सांगत्यात, पाय मुरगळला तर फोटो काढून धाडत्यात. मूत्रपिंड काय चोरून आणलंय व्हय?"

मी रस्ता ओलांडून दुकानात परतलो.

लघवीचं कल्चर करायचं तर नमुना नीट घ्यावा लागतो. पहिली धार सोडायची, मधली बाटलीत धरायची, शेवटची परत सोडायची. दवाखान्यांतनं हे कागदावर छापून देतात, आणि कागद वाचून लोक घरी जाऊन भलतंच करतात. आपांनी कागद बंद केला. बाकावर बसलेल्या सगळ्यांना एकदमच सांगायच्या. "हिरीवरची मोटर चालू केली की पैलं पाणी कसलं येतं?"

"गढूळ," बाकावरनं उत्तर यायचं.

"ते पिता का?"

"न्हाई."

"मग ते सोडून द्यायचं. मधलं सोच्छ पाणी आलं की घागर लावायची. घागर भरली की बाजूला. मोटर बंद हुईपर्यंत घागर धरून बसायचं न्हाई. कळलं?"

शेतकरी माणसाला यापेक्षा काय सोपं करून सांगणार? त्या दिवसापासनं आमच्या भागातल्या नमुन्यांइतके नीट नमुने सांगलीतसुद्धा येत नसतील, असं आपा छातीठोकपणे म्हणायच्या. तरी अपवाद असायचेच. एका द्राक्षबागायतदारानं कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली गळ्यापर्यंत भरून आणून टेबलावर ठेवली. म्हणे, जरा जास्त असलं की तपासायला बरं. आपांनी बाटलीकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "बागंवर फवारायचं हाय काय रं?"

आणि एक नवी नवरी. तिला आपांनी निर्जंतुक बाटली दिली होती. रात्रीत तिची जळजळ आपोआप थांबली, तेव्हा तिनं ती बाटली घासूनपुसून लख्ख केली आणि परत आणून दिली, आत चार चमचे साखर घालून. भांडं रिकामं परत करायचं नाही, एवढं सासूनं शिकवलं होतं. आपा हसून हसून खुर्चीवरनं पडायच्या राहिल्या. साखर मात्र त्यांनी डब्यात ओतून घेतली आणि पोरीला दुसरी बाटली देऊन मधली धार नव्यानं समजावली, कारण जळजळ थांबली म्हणजे जंतू गेले असं नसतं.

कल्चर म्हणजे काय हेही त्यांनी गावाला विरजणावर शिकवलं. "चमचाभर दह्यानं पातेलंभर दूध लागतं का न्हाई? तसं तुमच्या लघवीतलं जंतू मी बशीत सोडते, उबंला ठेवते. ते लागलं की वाढत्यात. मग त्यांच्यावर औषधाच्या टिकल्या ठेवते. ज्या टिकलीभवती जागा मोकळी झाली, ते औषध लागू. जंतू जिच्या अंगाला खेटून बसलं, ते औषध वाया." लोकांना घाई. "आजच सांगा की." आपा म्हणायच्या, "दही आज लावून आजच खाता का? मग परवा ये."

तर ते भांडण. आपा माझ्या दुकानात आल्या त्या उगाच आलेल्या नव्हत्या. त्या पावसाळ्यात आमच्या एकट्या बस्तीच्या गल्लीतल्या सात बायकांची कल्चरं त्यांनी केली होती, आणि सातही बशांत एकच तऱ्हा. नेहमीची जी गोळी, तिच्या टिकलीला जंतू खेटून बसलेले. आपांनी साती जणींना बोलावून विचारलं, ही गोळी आधी कुणी दिली? डॉक्टरांनी? नाही. मेडिकलवाल्यानं? नाही. मग?

"जिजींनी दिली," साती जणी म्हणाल्या.

आमच्या जिजीला ओळखत नाही असं गल्लीत कुणी नाही. पांढरं लुगडं, हातात जपमाळ, पहाटे बस्तीत, संध्याकाळी सूर्य बुडायच्या आत जेवण उरकून मोकळी. सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंबसुद्धा नाही. चातुर्मासात अष्टमी-चतुर्दशीला एकाशन, म्हणजे दिवसातनं एकदाच जेवण. पाणी उकळून, गाळून, तेही मोजकं. अशा बाईला दर दोनतीन महिन्यांनी उन्हाळी न लागेल तर काय? लागली की मला हाक मारायची आणि मी पट्टी कापून द्यायचो. आता गोळी दिवसातनं दोनदा, जेवल्यावर. पण एकाशनाला जेवण एकच, म्हणून गोळी एकच. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं की बंद. उरलेल्या गोळ्या पितळी डब्यात.

आणि त्या डब्यातनं जिजी औषधदान करायची.

आमच्यात चार दानं सांगितलीत, त्यात एक औषधदान. दुसऱ्या गावांतले श्रीमंत जैन दवाखान्यात खोल्या बांधतात, जिजीजवळ डबा होता. गल्लीतल्या कुणाला उन्हाळी लागली की दोन गोळ्या, कुणाला एक. मनोभावे, णमोकार मंत्र म्हणून. पुण्य जिजीला आणि जंतूंना शिकवणी फुकट.

आपा माझ्याशी भांडून तशाच शेजारच्या आमच्या घरी गेल्या. मी मागं धावलो. जिजी ओसरीत तांदूळ निवडत होती.

"जिजी, तो डबा बघू."

"का गं रजिया? तुला बी लागली व्हय उन्हाळी?"

आपांनी डबा उघडला. लाल, पिवळ्या, निम्म्या कापलेल्या, कागदात गुंडाळलेल्या, कशाकशाच्या गोळ्या. त्या म्हणाल्या, "जिजी, पाव्हणा आला तर ताटात अर्धी भाकरी वाढता का?"

"अर्धी कशाला? पोटभर वाढते."

"मग औषध अर्धं का वाढता? अर्ध्या गोळ्यांनी जंतू मरत न्हाईत. नुसतं झोडपल्यागत हुतात, पुन्हा उठत्यात, आणि त्या औषधाला भीतच न्हाईत मग. साती जणींच्या बशीत तुमचं दान उगवलंय."

जिजीच्या हातातलं सूप तसंच राहिलं. साठ वर्षं केलेल्या पुण्याला कुणीतरी असं म्हटलेलं तिला सहन झालं नाही. "तू शिकलेली हाईस, तुजं बरूबर असंल," म्हणाली, "पर माज्या दानाला नाव ठेवू नगंस." आणि तोंड फिरवलं. आपा डबा घेऊन गेल्या. त्या दिवसापासनं जिजीनं त्यांच्याशी बोलणं टाकलं. समोरासमोर आल्या की जिजी णमोकार मोठ्यानं म्हणायची.

मी मात्र सुधारलो. पट्टी कापणं बंद. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक नाही. निम्मं गिऱ्हाईक शिव्या घालत दुसऱ्या मेडिकलला गेलं, तरी बंद. फक्त घरी, जिजीनं हाक मारली की, आपलं ते नेहमीचं. घरच्या माणसाला कसली चिठ्ठी मागायची? माझी अक्कल बघा. सगळ्या गावाला नियम, आणि जिच्यासाठी नियम करायला पाहिजे होता तिलाच सूट.

पुढच्या वर्षी श्रावणात जिजीला पुन्हा लागली. मी गोळी दिली. दोन दिवस दिली. तिसऱ्या दिवशी दुपारी हुडहुडी भरली, अशी की खाट वाजायला लागली. उजव्या कुशीत हात लावू देईना. उलट्या. जपमाळ बोटांतनं गळून पडली तरी तिला कळलं नाही. मी घाबरून दुकानात पळालो आणि त्याहून भारीची पट्टी काढली. पट्टी खिशात घालून रस्त्यावर आलो, तर आपा समोर उभ्या.

"कुणाला?"

"जिजीला. ताप..."

"ठेवा ती. आता एक गोळी द्यायची न्हाई. आधी नमुना, मग औषध. डॉक्टरास्नी मी बोलावते."

जिजी बाटलीकडं बघून म्हणाली, "मी ह्या वयात त्या बाटलीत? आणि हिच्या हातात?" तापानं डोळे लाल, तरी तोंड फिरवलं. आपांनी आम्हाला सगळ्यांना बाहेर काढून दार लावून घेतलं. आत काय बोलणं झालं ते त्या दोघींना माहीत. मला फक्त जिजीचा आवाज आला, "मोटर? कसली मोटर?" आपा बाहेर आल्या तेव्हा बाटली त्यांनी दोन्ही हातांत धरली होती. रस्ता ओलांडताना एसटीच्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, तर त्याच्यावर खेकसल्या, "थांब की! जिजीची लघवी चाललीया!" कुंडलच्या स्टँडला सगळं कळलं. जिजीच्या कानावर हे अजून घातलेलं नाही.

डॉक्टरांनी घरीच येऊन रक्त काढलं, इंजेक्शन सुरू केलं. संध्याकाळी आपांनी रक्ताचा रिपोर्ट आणला. क्रिएटिनीन दुपटीच्या वर. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "जंतू मूत्रपिंडापर्यंत चढलेत. दोन्ही कमी चालायला लागलीत. कुठलं औषध लागू आहे ते कळेपर्यंत अंदाजानंच जावं लागणार. परवापर्यंत ताप हलला नाही तर सांगलीला हलवू, आणि तिथं डायलिसिससुद्धा लागेल. तोवर सलाईन चालू राहिलं पाहिजे." मी मान हलवली.

सलाईनची सुई टोचायची वेळ आली तेव्हा खिडकीतनं ऊन कलतं झालेलं. जिजीनं हात मागं घेतला.

"त्या बाटलीत काय हाय?"

"मिठाचं पाणी, आजी," डॉक्टर म्हणाले.

"पानीच न्हवं? मग दिस बुडल्यावर न्हाई."

"आजी, हे पोटात जात नाही. शिरेतून जातं."

"शेवटाला जातंय कुटं? माज्यातच न्हवं?"

डॉक्टर एमडी. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पाया पडलो, रागावलो, शपथा घातल्या. जिजीनं हात पोटाशी धरला तो धरला. म्हणाली, "मेले तर मरू दे. साठ वर्सं धरलेला नेम हाय, आता शेवटाला मोडून जाऊ?" औषध चुकीचं दिलं मी, आणि आता बरोबरचं घेऊ देईना ही.

आपा कोपऱ्यात उभ्या होत्या. पुढं आल्या, खाटेच्या कडेला बसल्या. "जिजी, नेम घेताना म्हाराजांनी तुमच्याकडनं काय म्हणवून घेतलं? आठवतंय?"

जिजीनं वर्षभरात पहिल्यांदा त्यांच्याकडं सरळ पाहिलं. "आठवतंय तर. दिस बुडल्यावर मुखात काय घेणार न्हाई."

"मग मिटा मुख. कोन उघडतंय मी बघते. मी बी रोज्यात शिरंतनं इंजेक्शन घेतलेलं हाय, आमच्या मौलानांनी चालतंय म्हनलं."

जिजी विचारात पडली. "तुमचं चालत आसंल."

"जिजी, मी म्हैनाभर दिसा पीत न्हाई, तुमी जलमभर रातीला पीत न्हाई. दोघींचं मिळून कसंबसं एका मान्साचं पानी हुतंय. आता हात द्या."

जिजी इतक्या तापात हसली. मी बघितलं. तिनं हात पुढं केला, पण एका अटीवर: सूर्य आहे तोवर सुई टोचायची, आणि मुख मिटलेलं राहणार. डॉक्टरांनी घाईनं सुई टोचली. मग जिजीनं ओठ असे घट्ट मिटले की पुढं डॉक्टरांनी दुखतंय का, थंडी वाजते का, काहीही विचारलं तरी ती बोटांनी उत्तरं द्यायची. डॉक्टरांना वाटलं वाचा गेली. घाबरून टॉर्च काढली त्यांनी.

ते दोन दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. ताप उतरेना. क्रिएटिनीन वर चाललेलं. मी दर तासाला रस्ता ओलांडून आपांच्या पेटीसमोर उभा. पेटी म्हणजे तो इनक्युबेटर. "दार उघडू नका, घाई केली म्हणून दही लागत न्हाई," आपा म्हणायच्या, पण त्याही त्या दिवसांत घरी गेल्या नाहीत. दोन्ही चष्मे टेबलावर आणि त्या पेटीकडं तोंड करून बसलेल्या.

परवाच्या सकाळी त्यांनी हाक मारली. बशी उजेडात धरली. आतमध्ये दाट साय आल्यासारखं झालं होतं आणि त्यावर पांढऱ्या टिकल्या.

"हे बघा, भाऊ. ही तुमची नेहमीची गोळी. अंगाला खेटून बसल्यात. ही त्याच्यावरची. ही बी तुमच्याच दुकानातली. ही तुमी परवा खिशात घातली हुती ती, हिच्या तर डोक्यावर चढून बसल्यात. डॉक्टर आता देत्यात ते इंजेक्शन बी गेलं." मग त्यांनी बशी थोडी फिरवली. एका टिकलीभवती काचेसारखी स्वच्छ गोल जागा. "हे एक चालतंय. दिवसातनं एकदाच द्यायचं हाय. सांगलीवरनं मागवाय लागंल."

मला रडू आलं. दुकानात वर्षानुवर्षं उभा राहून कात्रीनं पट्ट्या कापल्या, त्यातली एकेक पट्टी त्या बशीत दिसली मला. माझ्या आईच्या अंगात मी हे वाढवलं होतं.

आपांनी माझी समजूत घातली नाही. म्हणाल्या, "रडा, पर आदी सांगलीला फोन लावा."

इंजेक्शन दुपारपर्यंत आलं. दुसऱ्या रात्री घाम सुटला, तिसऱ्या दिवशी सकाळी जिजीनं जपमाळ मागितली. क्रिएटिनीन थांबलं, मग उतरायला लागलं. दोन आठवडे रोज दुपारी चारला इंजेक्शन, उजेडात, नेमाच्या आत. आणि पाणी. डॉक्टरांनी सांगितलं होतं भरपूर पाणी. तर सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्या वेळात ते सगळं बसवायचं काम आपांनी अंगावर घेतलं. अकराला एकदा यायच्या, चारला एकदा. उकळून गाळलेल्या पाण्याचे तांबे ओळीनं मांडायच्या. "अजून दोन राहिल्यात."

"रजिया, माजं पोट हाय का शेततळं?"

"शेततळं भरलं असतं एवढ्या येळात. प्या."

चौदाव्या दिवशी जिजी म्हणाली, "आता बरं वाटतंय, आजचं ऱ्हाऊ दे की." आपांनी नुसतं तिच्याकडं बघितलं. जिजीनं मुकाट्यानं दंड पुढं केला.

औषध संपल्यावर थोड्या दिवसांनी पुन्हा कल्चर. या वेळी जिजी बाटली घेऊन स्वतः आत गेली, मधल्या धारेचं कुणाला सांगावं लागलं नाही. दोन दिवसांनी आपा बशी घेऊन नाचतच आल्या. "बघा जिजी! चकचकीत! काय बी उगवलं न्हाई!"

मी पेढे आणायला निघालो होतो. जिजी बशीकडं बघत राहिली.

"पैल्यांदा ह्यात किती हुते?"

"लाखाच्या वर धरा."

"आणि आता?"

"एक बी जित्ता न्हाई."

जिजीचा चेहरा उतरला. मी पेढे आणले, तिनं घेतला नाही. संध्याकाळी ताटावर बसून नुसती म्हणाली, "माज्या एकटीपायी लाख जीव." मी म्हणालो, "अगं, ते रोगजंतू." ती म्हणाली, "जंतू म्हंजे जीवच न्हवं?"

आमचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व संपलं आणि दुसऱ्या दिवशी क्षमावणी आली. या दिवशी आमच्यात घरोघरी जाऊन हात जोडायचे, वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा असावी म्हणायचं. जिजीनं सकाळपासनं गल्ली पालथी घातली. ज्या साती जणींना अर्ध्या गोळ्या दिल्या होत्या, त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. त्या बायकांनी तिचे पाय धरले. मग ती काठी टेकत रस्ता ओलांडायला निघाली. मी दुकान सोडून मागं गेलो. वाटलं, आपांशी वर्षभर अबोला धरला त्याची माफी मागायची असेल.

तीही मागितली. "आवं जिजी, काय हे," म्हणून आपांनी तिला खुर्चीत बसवायचा प्रयत्न केला. जिजी बसली नाही.

"ते कुटं असत्यात?"

"कोन?"

"ते."

आपांना कळलं. मला अजून कळलेलं नव्हतं. त्यांनी पेटीचं दार उघडलं. आत ओळीनं बशा.

"माजं ह्यात हाईत?"

"तुमचं मी तवाच वाफंला घालून संपवलं, जिजी. ही भिलवडीच्या एका म्हाताऱ्याची. पर जात तीच."

"मग ह्यास्नीच सांगते. त्यास्नी कळवा म्हनावं." जिजीनं काठी माझ्याकडं दिली आणि त्या बशांपुढं हात जोडले. "मी जगावं म्हनून तुमचं लाख जीव गेलं. मी मागून घेतलं, माज्या लेकानं आनलं, हिनं दावलं. कळत केलंय आमी, नकळत न्हाई. क्षमा असावी."

हसायची गोष्ट होती. आज सांगतो तेव्हा लोक हसतात, मीही हसतो. त्या वेळी हसलो नाही. आपा त्यानंतर दिवाळीला मुलीकडं सांगलीला राहायला गेल्या, लॅब बंद झाली, कधीतरी फोन असतो. पण आपा म्हटलं की मला त्या तशाच दिसतात: दोन्ही चष्मे काढलेले, पदर डोक्यावर ओढलेला, जिजीच्या शेजारी उभ्या आणि दोन्ही तळवे दुआ मागायला उघडून धरलेले. सबंध आयुष्य ज्यांना उबेला ठेवून वाढवलं आणि रोज वाफेला घालून मारलं, त्यांच्यापुढं. ओठ हलत होते. काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही.

इतके दिवस जे बोलायचं राहिलं होतं ते मी बोललो, "जिजी, माझं पण चुकलं गं. तुला मी..."

"थांब," जिजी मागं न बघता म्हणाली. "आदी ह्यांचं हूं दे. तू रांगंत हुबा ऱ्हा."

मी काठी धरून तिच्या मागं उभा राहिलो. आपांनी डोळे उघडले नाहीत, तळवेही हलवले नाहीत. तशाच म्हणाल्या, "मागा भाऊ, काय मागायचं ते मागा, पर लौकर उरका. पेटीचं दार उघडं हाय, समदी ऊब चाललीया."